टर्बो सी: स्वतःचा कीबोर्ड हँडलर लावला की पहिलीच की अडकते, जुना हँडलर जोडला तर बीप बीप सुरू होतं

पिक्सेल_३२०:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ३८६ प्रोसेसरची जुनी मशीन आहे, त्यावर डॉस आणि टर्बो सी (सी भाषेचा जुना कंपायलर), आणि दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचा एक छोटा गेम लिहितोय, ३२० बाय २०० च्या ग्राफिक्स मोडमध्ये. आधी केबीहिट आणि गेटसीएच (की दाबली का ते बघणारं आणि ती वाचणारं तयार फंक्शन) वापरून केलं होतं पण त्यात भागत नाही, एकाने की दाबून धरली आणि दुसऱ्याने त्याची दाबली की पहिल्याचं यान जागीच थांबतं, शिवाय की दाबल्यावर यान एकदा हलतं, मग जरा वेळ काहीच नाही आणि मग एकदम पळायला लागतं. म्हणून आता इंटरप्ट ९ वर (की दाबली-सोडली की प्रोसेसर हातातलं काम थांबवून जो कोड चालवतो तिथे) स्वतःचा हँडलर बसवलाय, गेटव्हेक्टने जुना पत्ता जपून ठेवतो, सेटव्हेक्टने माझा लावतो, आणि हँडलरमध्ये पोर्ट हेक्स ६० वरून स्कॅनकोड (कुठली की ते सांगणारा आकडा) वाचून १२८ च्या एका अॅरेमध्ये की खाली आहे की वर ते लिहितो.

दोन प्रकारे करून बघितलंय.

पहिल्या प्रकारात हँडलर फक्त एवढंच करतो आणि परत जातो. यात पहिली जी की दाबीन ती कायमची दाबलेलीच राहते, म्हणजे उजवा बाण दाबला की यान उजवीकडे सुटतं ते सुटतंच, बोट उचललं तरी थांबत नाही, नंतर कुठलीच की चालत नाही, एस्केप नाही, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पण नाही. बटण बंद करूनच बाहेर यावं लागतं. गंमत म्हणजे कोपऱ्यात मी सेकंद दाखवतो ते मात्र व्यवस्थित पुढे सरकत असतात.

दुसऱ्या प्रकारात सगळं तेच, फक्त शेवटी जुन्या हँडलरला कॉल करतो. यात दोन्ही प्लेअर मस्त चालतात पण थोड्याच वेळात स्पीकर बीप करायला लागतो आणि मग प्रत्येक कीला बीप, आणि गेममधून बाहेर आलं की डॉसच्या प्रॉम्प्टवर गेममध्ये दाबलेली अक्षरं आपोआप टाइप होतात. याच प्रकारात अजून एक विचित्र प्रकार आहे, डावा शिफ्ट मी फायरला ठेवलाय, तर कधीकधी नुसता बाण दाबला तरी गोळी सुटते. रोज होत नाही, कधी होतं ते कळत नाही.

हँडलरमध्ये प्रिंटएफ टाकून बघू का नेमकं काय येतंय ते? आणि कुठली पद्धत बरोबर, जुन्याला बोलवायचं की नाही? नुसता चालणारा कोड नकोय, आत काय घडतंय ते समजून घ्यायचंय.


आयआरक्यू_एक:

तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की उत्तर त्यातच आहे. आधी प्रिंटएफचं सांगतो, अजिबात टाकू नका. इंटरप्ट कधीही येऊ शकतो, डॉस स्वतः एखादं काम अर्धवट करत असताना सुद्धा, आणि डॉस एकावेळी एकच कॉल सांभाळू शकतो, तुम्ही मध्येच दुसरा घुसवला की त्याचा आतला स्टॅक बिघडतो. हँडलरमधून फाईल, प्रिंटएफ, मॅलॉक यातलं काहीच बोलवायचं नाही. बघायचंच असेल तर टेक्स्ट मोडमध्ये छोटा टेस्ट प्रोग्रॅम करा आणि सेगमेंट हेक्स बी८०० च्या स्क्रीन मेमरीत थेट अक्षर लिहा, त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही.

आता पहिला प्रकार. कीबोर्डकडून बाइट आला की ८२५९ हा इंटरप्ट कंट्रोलर आयआरक्यू १ ची (कीबोर्डच्या इंटरप्ट लाइनची) "काम चालू" अशी नोंद करतो, आणि जोपर्यंत तुम्ही त्याला काम झालं असं सांगत नाही तोपर्यंत तो आयआरक्यू १ परत पाठवत नाही, आणि त्याच्यापेक्षा कमी प्रायॉरिटीचे बाकीचे पण अडवून ठेवतो. हे "झालं" सांगणं म्हणजेच ईओआय, पोर्ट हेक्स २० वर हेक्स २० ही व्हॅल्यू लिहायची, आउटपोर्टबीची एक ओळ. ती तुमच्या हँडलरमध्ये नाहीये. त्यामुळे उजव्या बाणाचा दाबल्याचा कोड आला आणि दार बंद झालं, बोट उचलल्याचा कोड तुमच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, मग तुमच्या अॅरेत ती की दाबलेलीच राहणार आणि यान पळतच राहणार. सेकंद का चालू राहिले? कारण टायमर आयआरक्यू ० वर आहे, त्याची प्रायॉरिटी कीबोर्डच्या वर, त्याला कोणी अडवत नाही. म्हणजे मशीन हँग झालंच नव्हतं, फक्त १ पासून खालचं सगळं थांबलं होतं, त्यात फ्लॉपीचा ६ आणि हार्ड डिस्कचा १४ पण आला, त्या अवस्थेत गेमने फाईल वाचायचा प्रयत्न केला असता तर तिथेही अडकला असता. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चाललं नाही कारण ते ओळखायचं काम बायॉसच्या (मशीनच्या रॉममधल्या मूळ प्रोग्रॅमच्या) इंटरप्ट ९ मध्ये होतं आणि तो तर तुम्ही काढूनच टाकलाय.

दुसरा प्रकार. इथे ईओआय बायॉसचा जुना हँडलर देतो म्हणून सगळं चालतं. पण तो अजून एक काम करतो, प्रत्येक की आपल्या बफरमध्ये भरतो. हा बफर सेगमेंट हेक्स ४० मध्ये ऑफसेट हेक्स १ई पासून ३२ बाइटचा असतो, एका कीला २ बाइट, आणि भरलेला की रिकामा हे ओळखता यावं म्हणून एक जागा सोडावी लागते, म्हणजे १५ की मावतात. तुम्ही गेटसीएच करतच नाही त्यामुळे तो रिकामा होत नाही, भरला की बायॉस बीप करतो. आणि बाहेर आल्यावर डॉस तो बफर वाचतो म्हणून अक्षरं सांडतात.

माझं मत स्पष्ट आहे, गेमसाठी जुन्याला बोलवू नका, बाइट वाचा, अॅरेत नोंद करा, ईओआय द्या, परत या. जुन्याला बोलवायचंच ठरवलं तर मग ईओआय स्वतः देऊ नका. दोनदा ईओआय दिला तर दुसरा भलत्यालाच लागू पडतो, समजा साउंड कार्डचा इंटरप्ट अर्धा झालेला असताना कीबोर्डचा आला, तर तुमचा जास्तीचा ईओआय साउंड कार्डचं काम झालं म्हणून खोटंच सांगून टाकेल, आणि असली चूक शोधायला फार अवघड जाते कारण ती क्वचितच दिसते.


बिट_सात:

वरचं सगळं बरोबर, मी फक्त शिफ्टवाल्या गोळीबद्दल लिहितो कारण ते मला फार आवडतं.

पुढच्या वेळी होईल तेव्हा कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवा बघा. तो चालू असेल तेव्हाच होत असणार.

झालंय असं की पहिल्या पीसीच्या ८३ कीच्या कीबोर्डवर बाण फक्त नंबरपॅडवर होते. नंतर १०१ कीचा कीबोर्ड आला त्यात बाणांच्या वेगळ्या की दिल्या, पण जुने प्रोग्रॅम चालायला हवेत म्हणून स्कॅनकोड तेच ठेवले, वर म्हणजे हेक्स ४८, डावा ४बी, उजवा ४डी, खाली ५०, फक्त आधी हेक्स ई० असा एक बाइट जोडला. तुमचा हँडलर ई० कडे बघतच नाही म्हणून नंबरपॅडचा ८ आणि वरचा बाण तुम्हाला एकच दिसत असणार, तपासून बघा. आता नमलॉक चालू असेल तर जुन्या प्रोग्रॅमला ४८ म्हणजे ८ आकडा वाटला असता, तो बाणच वाटावा म्हणून कीबोर्डच स्वतःहून खोटा शिफ्ट पाठवतो. म्हणजे वरचा बाण दाबला की क्रमाने येतं ई०, २ए, ई०, ४८. आणि २ए म्हणजे डावा शिफ्ट! सोडल्यावर ई०, सी८, ई०, एए. तुम्ही ई० टाकून देताय आणि २ए उचलताय, म्हणून गोळी सुटते.

उपाय साधा आहे. एक स्टॅटिक व्हेरिएबल ठेवा, ई० आला की ते १ करा, ईओआय देऊन परत जा. पुढचा बाइट आला की बघा ते १ आहे का, असेल तर की ची जागा १२८ ने पुढे सरकवा, म्हणजे अॅरे २५६ चा करा, पहिले १२८ साध्या कीना आणि पुढचे १२८ ई० वाल्यांना, मग व्हेरिएबल परत ०. दाबली की सोडली ते वरचा बिट सांगतो, बिट ७ शून्य म्हणजे दाबली, १ म्हणजे सोडली, खालचे ७ बिट म्हणजे कुठली की. असं केलं की खोटा शिफ्ट आपोआप १२८ च्या पलीकडच्या २ए मध्ये जाऊन पडतो, तिथे तुम्ही बघतच नाही. उजवा कंट्रोल आणि उजवा ऑल्ट पण डाव्यापासून वेगळे मिळतात, दुसऱ्या प्लेअरला द्यायला कामाला येतील.

पॉज की मात्र सगळ्यांपेक्षा वेगळी. ती दाबली की ई१, १डी, ४५, ई१, ९डी, सी५ असे सहाच्या सहा बाइट एकदम येतात आणि सोडल्यावर काहीच येत नाही. १डी म्हणजे कंट्रोल, त्यामुळे लक्ष दिलं नाही तर पॉज दाबला की कंट्रोल दाबून सोडल्यासारखं दिसतं. ई१ आला की पुढचे दोन बाइट मोजून सोडून द्या, काम झालं.

आणि दाबून धरलेली की सारखी सारखी तोच कोड पाठवत राहते, काही सेटिंग बदललं नसेल तर अर्ध्या सेकंदानंतर सुरू होतं. तुम्हाला गेटसीएचमध्ये जो अडखळा दिसत होता तो हाच. अॅरेमध्ये १ वर परत १ लिहिलं जातं त्याने काही बिघडत नाही, पण "आत्ताच दाबली" असं काही मोजत असाल तर आधीची किंमत बघून मगच मोजा.


जुनंमशीन:

मी जरा वेगळं सुचवतो. इंटरप्ट ९ ला हात लावायचीच काय गरज आहे, नंतरच्या एटीपासून (एटी म्हणजे पीसी आणि एक्सटी नंतरची आयबीएम मशीन) बायॉस बाइट वाचल्यावर इंटरप्ट हेक्स १५ बोलवतो, एएच रजिस्टरमध्ये हेक्स ४एफ आणि एएल मध्ये स्कॅनकोड, तिथे आपण कोड बघून घ्यायचा आणि कॅरी फ्लॅग शून्य करून परत गेलं की बायॉस ती की बफरमध्ये टाकतच नाही. पोर्ट वाचणं नको, ईओआय नको, सगळं बायॉस करतो. ज्या की गेमच्या नाहीत त्या पुढे जाऊ दिल्या तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पण चालू राहतं, प्रोग्रॅम बनवत असताना हे फार सोयीचं पडतं.


आयआरक्यू_एक:

@जुनंमशीन कल्पना चांगली आहे आणि असेंब्लीत लिहिणार असाल तर मी पण हेच म्हणेन, पण सी मध्ये एक अडचण येते. इंटरप्ट ९ हार्डवेअरकडून येतो, त्याला रजिस्टरमध्ये कोणी काही देत नाही, त्यामुळे जुन्याला नुसतं फंक्शनसारखं बोलवलं तरी चालतं. इंटरप्ट १५ चं तसं नाही, त्यावर एक्सटेंडेड मेमरी किती आहे ते विचारणं वगैरे बरीच कामं चालतात, प्रश्न एएच मधून येतो आणि उत्तर रजिस्टर आणि फ्लॅगमधून परत जातं. म्हणजे ४एफ नसेल तर जुन्याकडे जाताना सगळी रजिस्टर जशीच्या तशी द्यावी लागतात, आणि टर्बो सी च्या इंटरप्ट फंक्शनमधून जुना पॉइंटर कॉल केला तर त्या वेळी एएक्स मध्ये काय असेल त्याचा भरवसा नाही. वॉटकॉम या दुसऱ्या कंपायलरमध्ये त्यासाठी चेन इंटर नावाचं तयार फंक्शन आहे, टर्बो सी मध्ये ते इनलाइन असेंब्लीने स्वतः करावं लागेल. शिवाय पहिल्या पीसीच्या बायॉसमध्ये ही सोयच नव्हती. ३८६ वर काही प्रश्न नाही.

@पिक्सेल_३२० हे मात्र लक्षात ठेवा, कोणी तुम्हाला पोर्ट हेक्स ६१ चा वरचा बिट १ करून परत ० करायचा सल्ला दिला तर तो एक्सटीसाठी आहे, तिथे बाइट मिळाला हे कीबोर्डच्या सर्किटला तसं सांगावं लागतं. एटीपासून पुढे ८०४२ हा कीबोर्ड कंट्रोलर असतो, पोर्ट ६० वाचलं की त्याला कळतं. ८०८८ प्रोसेसरच्या एक्सटीवर पण गेम चालवायचा असेल तरच टाका.


पिक्सेल_३२०:

अरे वा. ईओआयची एक ओळ टाकली आणि पहिला प्रकार चालायला लागला, दोन्ही यानं एकदम फिरतायत, बीप नाही काही नाही. आणि नमलॉकचं तर शंभर टक्के बरोबर निघालं, दिवा चालू केला की गोळी सुटते, बंद केला की नाही, २५६ चा अॅरे केल्यावर दोन्हीकडे व्यवस्थित. नंबरपॅडचा ८ पण आता वेगळा ओळखू येतोय. @बिट_सात मनापासून आभार.

दोन गोष्टी राहिल्यात. टर्बो सी मधूनच रन केलं आणि गेममधून बाहेर आलो की एडिटरमध्ये अक्षरं टाइप होत नाहीत, भलत्याच कमांड चालतात, मग कंट्रोल एकदा दाबून सोडला की ठीक होतं. आणि दुसरं, वर, उजवीकडे आणि स्पेस या तीन की एकदम दाबल्या तर तिसरी लागत नाही, अॅरेमध्ये पण येत नाही.


जुनंमशीन:

पहिल्याचं कारण कंट्रोल-एफ९. तुम्ही रन करताना कंट्रोल दाबलात ते बायॉसने बघितलं आणि नोंद केली, प्रोग्रॅम चालू झाला, तुमचा हँडलर बसला, आणि मग तुम्ही कंट्रोल सोडलात, ते सोडणं बायॉसला कळलंच नाही. बाहेर आल्यावर त्याच्या मते कंट्रोल अजून दाबलेलाच आहे. जुना हँडलर परत लावायच्या वेळी या नोंदी स्वतः साफ करायच्या, सेगमेंट हेक्स ४० मध्ये ऑफसेट हेक्स १७ ला खालचे ४ बिट शून्य करा, ते म्हणजे उजवा शिफ्ट, डावा शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, वरच्या चार बिटांना हात लावू नका तिथे कॅप्सलॉक नमलॉक वगैरे आहेत. ऑफसेट हेक्स १८ ला बिट ० आणि १, डावा कंट्रोल आणि डावा ऑल्ट. ऑफसेट हेक्स ९६ ला बिट २ आणि ३, उजवा कंट्रोल आणि उजवा ऑल्ट. एमके एफपी मॅक्रोने "फार" (सेगमेंटसकट) पॉइंटर करून एवढं लिहिलं की झालं.

बाहेर पडण्याचंच अजून सांगतो, कारण लोक याकडे लक्ष देत नाहीत. जुना व्हेक्टर (हँडलरचा पत्ता) परत न लावता प्रोग्रॅम संपला तर इंटरप्ट ९ अशा मेमरीकडे बोट दाखवत राहतो जिथे आता तुमचा कोड नाही, पुढची की दाबली की मशीन गेलं. एस्केपने बाहेर पडताना तुम्ही परत लावत असाल, पण शून्याने भागाकार झाला तर? टर्बो सी चा रनटाइम डिव्हाइड एरर छापून प्रोग्रॅम बंद करतो, तुमचा इंटरप्ट ९ त्याला माहीतच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे फ्लॉपी. समजा गेम लेव्हलची फाईल फ्लॉपीवरून वाचतोय आणि ड्राइव्हचं दार उघडं आहे. डॉस विचारतो अबॉर्ट, रिट्राय, फेल, आणि उत्तराची वाट बघत बसतो. पण उत्तर येणार बायॉसच्या बफरमधून, आणि तो तर तुम्ही कोरडा ठेवलाय! माणूस आर दाबतोय, ए दाबतोय, काहीच होत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, डिस्कचं काम करायच्या आधी जुना हँडलर परत लावा, काम झालं की आपला, किंवा हार्डएरर वापरून इंटरप्ट हेक्स २४ वर स्वतःचं फंक्शन ठेवा जे न विचारता फेल सांगून टाकेल.


बिट_सात:

तीन कीचं: तुमचा कोड निर्दोष आहे. कीबोर्डच्या आत प्रत्येक कीला वेगळी तार नसते, आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि की म्हणजे त्यांच्या छेदावरचा स्विच. चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की करंट फिरून चौथ्या कोपऱ्यातूनही आल्यासारखा वाटतो, खरी की कुठली ते ओळखता येत नाही, म्हणून कीबोर्डमधला चिप अशा वेळी तिसरी की पाठवतच नाही. बाइट निघतच नाही तर हँडलर काय करणार. आणि कुठल्या तीन की अडतात ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं, कारण जाळी वेगळी.

शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांचं मात्र तसं नसतं, त्या इतर कीबरोबर दाबायच्याच असतात म्हणून बनवणारे त्यांना सहसा जाळीत बाजूला ठेवतात. फायर त्यांच्यावरच असू द्या. आणि गेममध्ये की बदलायची सोय नक्की द्या, अॅरेचा इंडेक्स एका व्हेरिएबलमध्ये ठेवला की झालं, "उजवीकडे जायची की दाबा" असं विचारायचं, जो इंडेक्स १ होईल तो साठवायचा.

तो अॅरे व्होलाटाइल लिहिलाय ना? टर्बो सी बहुतेक वेळा सोडून देतं, पण उद्या वॉटकॉमवर ऑप्टिमायझेशन लावून कंपाइल केलं तर लूपमध्ये वाट बघणारा कोड अॅरे एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवेल आणि कायमचा फिरत बसेल.


आयआरक्यू_एक:

वॉटकॉमचा विषय निघालाच आहे तर, ३२ बिटवर गेलात तर हँडलरचा कोड आणि तो ज्या डेटाला हात लावतो ती मेमरी डीपीएमआयने (डॉसवर ३२ बिट प्रोग्रॅमना मेमरी वगैरे पुरवणाऱ्या सोयीने) लॉक करावी लागते, नाहीतर व्हर्च्युअल मेमरी चालू असताना ते पान डिस्कवर गेलेलं असेल आणि नेमका तेव्हाच इंटरप्ट आला तर गाडी तिथेच थांबते. डीजेजीपीपी या ३२ बिट कंपायलरमध्ये तर हे पहिल्या दिवसापासून करायचं.

आणि टर्बो सी च्या ऑप्शन्समध्ये टेस्ट स्टॅक ओव्हरफ्लो बंद आहे ना बघा. इंटरप्ट आला तेव्हा बायॉस किंवा डॉसचा स्टॅक चालू असू शकतो, तुमच्या प्रोग्रॅमचा नाही, आणि ती तपासणी चालू असेल तर हँडलरमध्ये शिरताच तिला वाटतं स्टॅक संपला आणि प्रोग्रॅम बंद पडतो. हँडलरमध्ये मोठे लोकल अॅरे पण याच कारणासाठी टाळा.


पिक्सेल_३२०:

तपासणी चालू होती, बंद केली. अॅरे आणि ई० चं व्हेरिएबल दोन्ही व्होलाटाइल केलं. लेव्हल वाचायच्या आधी जुना हँडलर लावणारं आणि नोंदी साफ करणारं एक फंक्शन वेगळंच काढलंय, एस्केपला पण तेच बोलवतो, आता एडिटरमध्ये परत आल्यावर कंट्रोल अडकत नाही. फायर दोघांनाही कंट्रोल दिला, डावा पहिल्याला, उजवा दुसऱ्याला, तिरकं जाता जाता गोळी सुटतेय. आता की बदलायचा स्क्रीन लिहायला घेतो.